खालच्याचा ताफा

साइटवर त्या दोघांना नावाने कुणी हाक मारत नसे. एक जण उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसायचा, तो वरचा. दुसरा जमिनीवर उभा राहून वायरलेसवरून त्याला घे, थांब, डावीकडे, सोड असं सांगायचा, तो खालचा. इमारती बदलल्या, ठेकेदार बदलले, पण ही जोडी एका साइटवरून दुसऱ्या साइटवर तशीच जात राहिली. केबिनमधून बऱ्याचदा वरच्याला माल दिसतच नसे. मध्ये अर्धवट उभी राहिलेली इमारत यायची. मग सळ्यांचा अख्खा गठ्ठा निव्वळ एका आवाजाच्या भरवशावर भिंतीपलीकडे उतरवायचा. तिथे दहा माणसं काम करत असायची, आणि त्यांनाही हे ठाऊक असायचं. तरी कुणी मान वर करून बघत नसे, इतका त्या दोघांवर विश्वास.

वरचा अबोल होता. खालच्याचं तोंड बंद राहायचं ते फक्त जेवताना, आणि तेव्हाही पुरतं नाही. त्याला एका खेळाचं वेड होतं. कॉम्प्युटरवरचा, अंतराळातला खेळ. देशोदेशीचे हजारो लोक एकाच वेळी त्यात उतरलेले. कुणी उल्का फोडून खनिज काढायचं, कुणी ते वाहून न्यायचं, कुणी लुटारूंपासून राखण करायची. तिथेही तो खालचा याच नावाने खेळायचा, आणि त्याचा वीस-पंचवीस जणांचा एक ताफा होता. रविवारी दुपारी सगळे जमायचे.

"सोपं नाहीये ते," जेवणाच्या सुट्टीत तो सांगायचा. "शिकायलाच सहा महिने जातात. आणि जहाज फुटलं की फुटलं. परत मिळत नाही. म्हणून तर मजा आहे."

"यात मजा काय?"

"अरे, तुझ्यासारखा हात असलेला माणूस पाहिजे आम्हाला. आमचं मोठं मालवाहू जहाज आहे, ते स्टेशनला लावताना सगळ्यांची फे फे उडते. तू डोळे मिटून लावशील."

"दिवसभर तुझं घे-सोड ऐकतो, तेवढं पुरे झालं. रविवारीपण तूच?"

खालचा खदखदून हसायचा. पण पिच्छा सोडायचा नाही. आपल्या ताफ्याला त्याने सांगूनही टाकलं होतं की माझा एक दोस्त येणार आहे, जरा वेळ लागेल, पण येणार नक्की. वरच्याने घरी बायकोपाशी विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "इथे घरातला नळ गळतोय, तो दुरुस्त कर आधी. मग जा आकाशात." विषय तिथेच संपला. वरच्याचं मन होत नव्हतं असं नाही. पण नवीन काही शिकायचं म्हटलं की त्याला आळस यायचा, आणि खालचा कुठे पळून जातोय, असंही वाटायचं.

त्या दिवशी वारा बेताचाच होता. सळ्यांचा गठ्ठा इमारतीच्या मागच्या बाजूला उतरवायचा होता. खालचा पलीकडे उभा होता, वरच्याला दिसत नव्हता.

"अल्लाद घे," वायरलेसवर आवाज आला. "अल्लाद... अजून... रविवारी नवीन जहाज काढतोय आम्ही. येतोस ना? डावीकडे थोडं."

"आधी हे उतरव."

"उतरतंय रे. तू हो तरी म्हण. अल्लाद..."

मग हातातलं ओझं एकदम नाहीसं झालं. केबिनला असा हिसका बसला की वरच्याचं डोकं काचेवर आपटलं. क्रेनचा हात वर उसळून हलत राहिला.

"खालच्या?" तो म्हणाला. "खालच्या, बोल. बोल रे काहीतरी."

बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. नंतर दुसराच कुणीतरी वायरलेसवर आला आणि म्हणाला, "बंद कर. सगळं बंद कर आणि खाली ये."

चौकशीला कंपनीचे सेफ्टीचे साहेब आले. माणूस सभ्य. त्यांनी वरच्याला खुर्ची दिली, चहा मागवला, डोक्याला लागलंय ते दाखवून घेतलंत का असंही विचारलं. मग म्हणाले, "शेवटचं बोलणं काय झालं, ते आठवतंय?"

वरच्याला शब्दन् शब्द आठवत होता. त्याने तो सांगितला. लपवण्यासारखं त्यात काही आहे, हे त्याच्या मनातही आलं नाही. दोस्त गेला होता. त्याचं शेवटचं बोलणं कुणीतरी विचारतंय, याचंच त्याला बरं वाटलं. त्याने हेही सांगितलं की गठ्ठा ज्या पट्ट्याने बांधला होता त्याची शिवण उसवत आली होती, आणि दोघांनी स्टोअरला जाऊन नवा पट्टा मागितला होता. साहेबांनी मान डोलावली.

अहवाल आला त्यात पट्ट्याचा उल्लेखच नव्हता. कर्मचारी कामाच्या वेळी खासगी गप्पांत गुंतल्यामुळे बेसावध राहिला आणि स्वतःच्या चुकीने लटकत्या मालाखाली गेला, असं लिहिलं होतं.

वरचा साहेबांकडे गेला. "साहेब, पट्ट्याचं राहिलं."

"कुठल्या पट्ट्याचं?"

"तुटला त्या."

"तो भंगारात गेला." साहेब सौम्यपणे म्हणाले, "हे बघा, गप्पा चालल्या होत्या असं तुम्हीच सांगितलंत ना? आम्ही पदरचं एक अक्षर घातलेलं नाही."

तो तसाच खालच्याच्या घरी गेला. खालच्याच्या बायकोने दाराची साखळी काढली नाही. फटीतून तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. इतकी वर्षं ती त्याला भावोजी म्हणायची.

"मेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून त्याच्यावर ढकललंत," ती म्हणाली. "ते कामावर असताना गप्पा मारतील? ते?"

"वहिनी, मी फक्त—"

दार लागलं.

त्यानंतर तो क्रेनवर चढू शकला नाही. एकदा प्रयत्न केला. शिडीच्या पहिल्या टप्प्यावर हात दांड्याला असे चिकटले की सुटेनात; खालून दोघांनी येऊन एकेक बोट सोडवलं. कंपनीने त्याला स्टोअरमध्ये बसवलं. हेल्मेट, हातमोजे, बूट वाटायचं काम. तिथे एका फडताळात नवे कोरे पट्टे आले होते, पिवळे धमक, प्लास्टिकसुद्धा न काढलेले. वरचा शक्यतो तिकडे पाठ करून बसायचा. घरी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा आणि तरी बशीत सांडायचा. बायको पुसून घ्यायची.

अशात एक दिवस खालच्याच्या मुलीचा फोन आला. ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची. लहानपणी साइटवर डबा द्यायला आली की वरच्याला हात करायची.

"काका, बाबांच्या खेळात तुम्ही येणार होतात ना?"

"तो म्हणायचा."

"बाबांचं खातं आता मी चालवते. ताफ्याला मोठं जहाज लावणारा माणूस अजून मिळालेला नाही. मामी म्हणून आहेत, त्या ताफा बघतात. त्या विचारत होत्या, तुमचे ते काका येणार होते त्यांचं काय झालं."

"पोरी, मला नाही जमणार आता."

"लगेच नका सांगू. विचार करा." फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आईला माहीत नाहीये मी फोन केलेला."

त्याने विचार केला. दुसरं काही केलंच नाही, असं म्हटलं तरी चालेल. हातमोजे वाटता वाटता, बसमध्ये, अंघोळ करताना. कानाला हेडफोन लावायचे, कुणीतरी आवाज देणार, आणि त्या आवाजावर हात चालवायचा. पुन्हा तेच. आणि ताफ्यातल्या लोकांना तो कोण, हे कळलं तर? खालच्याच्या जागी जाऊन बसायचा हक्क जगात एका माणसाला नसेल तर तो आपल्याला, असं त्याला वाटायचं. दुसरीकडे हेही वाटायचं की त्या घरातल्या कुणीतरी आपल्याला हाक मारली आहे, आणि ती पुन्हा मारली जाणार नाही.

बायकोने त्याचं बिनसलेलं ओळखून विचारलंच. त्याने सांगितलं.

"ती तुला कशाला बोलावतेय, विचार केलास का?"

"बापाचं काहीतरी चालू ठेवायचं असेल."

"नाहीतर तुला समोर बसवून सोलायचं असेल."

"सोलू दे," तो म्हणाला.

ती उठून भांडी आवरायला लागली. दुसऱ्या दिवशी आपल्या भावाला सांगून त्याचा जुना कॉम्प्युटर तिने घरी आणवला. तो मांडताना मात्र बजावलं, "तुझं काही बिघडलं तर मी हा खिडकीतून खाली टाकीन. भावाचा असला तरी."

खेळ म्हणजे खरोखर डोकं पिकवणारं प्रकरण होतं. पडदाभर आकडे, तक्ते, खिडकीत खिडकी. इंधन वेगळं, दारूगोळा वेगळा, माल ठेवायचे नियम वेगळे. जहाज वळवण्यासाठी एक बटण आणि वळणं थांबवण्यासाठी दुसरंच. कारण तिथे हवा नाही, काहीही आपोआप थांबत नाही. शिकाऊ लोकांचा पहिला धडा स्टेशनातून बाहेर पडण्याचा होता. त्यात त्याने जहाज दारावर आदळलं. पडद्यावर नुसता उजेड झाला, आवाजही फारसा नाही. वरचा उठून बाहेर जिन्यात जाऊन बसला. बऱ्याच वेळाने बायको आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "मी बघितलं. त्यात कुणीच नव्हतं रे."

"माहितीये मला."

तरी तो परत गेला. आठवडे गेले. हळूहळू हाताला त्या जहाजाची ओढ कळायला लागली. दुकानातून त्याने एक साधी जॉयस्टिक आणली, आणि ती हातात आल्यावर पहिल्यांदाच बोटं स्थिर राहिली. त्याने मुलीला निरोप पाठवला, येतो म्हणून.

रविवारी दुपारी त्याने हेडफोन लावले. कानात एकदम सात-आठ आवाज घुसले. त्यातला एक बाईचा, साठीच्या आसपासचा, घसा बसल्यासारखा. "आलात एकदाचे," मामी म्हणाल्या. "खालच्याने तुमचं इतकं कौतुक करून ठेवलंय की आम्हाला वाटलं तुम्ही त्याने मनाने रचलेले आहात."

सगळे हसले. खालचा कसा गेला, हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. कामावर अपघात झाला, इतकंच.

काम असं होतं: खनिजाने भरलेलं मोठं जहाज एका अरुंद स्टेशनात लावायचं. जहाजाचं नाक इतकं लांब की चालवणाऱ्याला पुढचं दार दिसतच नाही. म्हणून एक जण छोट्या होडीएवढ्या यानात बाहेर थांबून दिशा सांगतो. आधी हे काम खालचा करायचा. आता त्याची मुलगी.

"घ्या काका," ती म्हणाली. "अल्लाद."

शब्द तोच, तो ओढून म्हणायची लकबही तीच. बापाचा आवाज पोरीच्या गळ्यातून यावा तसा. वरच्याने हात चालवला.

"अजून... अजून... उजवीकडे थोडं. अल्लाद."

जहाजाचं नाक दारात शिरलं. दोन्ही बाजूंना जेमतेम हातभर जागा. आणि तेवढ्यात मुलगी त्याच सुरात म्हणाली, "काका, त्या दिवशी बाबा तुमच्याशी काय बोलत होते?"

त्याने जहाज जागच्या जागी थांबवलं.

"आधी हे उतरवू," तो म्हणाला.

पलीकडून काही आलं नाही. "दिशा सांग, पोरी," तो परत म्हणाला. "मला पुढचं दिसत नाहीये." मग तिने सांगितली. आवाज बदलला होता, पण दिशा बरोबर होत्या. जहाज लागलं. मामींनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शीळ घातली. एकेक जण माल उतरवायच्या कामाला गेला, आणि मुलीने दोघांपुरतं बोलणं वेगळं जोडलं.

"मुद्दाम विचारलं मी," ती म्हणाली. "माल हातात असताना तुम्ही बोलता का, ते बघायचं होतं. त्यासाठीच बोलावलं तुम्हाला."

"मी नाही बोलत."

"म्हणजे बाबाच बोलत होते."

"हो."

"याच्याबद्दलच? या खेळाबद्दल?"

"हो. मी त्यालाही हेच म्हटलं होतं, आधी हे उतरव."

ती रडत होती की नुसता श्वास घेत होती, ते त्याला कळलं नाही. "मी आईला रोज सांगायचे, काका खोटं बोलले. स्वतःची नोकरी वाचवायला. मला वाटलं होतं तुम्ही बोलत बसाल, आणि मग मी तुम्हाला सगळ्यांसमोर..." ती थांबली. "म्हणजे चूक बाबांचीच."

"नाही," वरचा म्हणाला. त्याचा आवाज इतका चढला की बायको दारात येऊन उभी राहिली. "नाही. तो रोज बोलायचा. बोलत बोलत आम्ही अख्ख्या इमारती उभ्या केल्या. बोलण्याने पट्टा तुटत नाही. त्याची शिवण गेली होती. आम्ही दोघांनी नवा मागितला होता. तो मालाच्या खाली गेलाच नव्हता, पोरी. मी खाली येऊन बघितलं ना, माल सरकून त्याच्याकडे आला."

"हे तुम्ही चौकशीत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. त्यांनी लिहिलं नाही."

मग ती म्हणाली, "परत सांगाल?"

खालच्याच्या बायकोने तो अहवाल बदलून मिळावा म्हणून कोर्टात अर्ज केलेला होता. साक्षीदार नव्हता म्हणून तो नुसता पडून होता. तिला नवऱ्याच्या नावावरचा ठपका पुसून हवा होता, बाकी काही नको होतं. वरच्याने साक्षीला यायचं कबूल केलं. साक्षीदार म्हणून त्याचं नाव कोर्टात गेलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी स्टोअरच्या प्रमुखाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की इथे माणसं जास्त झाली आहेत, पुढच्या महिन्यापासून येऊ नका. त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघाला.

कोर्टात तो नवा शर्ट घालून गेला. हात मांड्यांखाली दाबून बसला. त्याला वाटत होतं, एकदा सगळं सलग सांगू दिलं की समोरच्या माणसाला समजेलच. पण कंपनीच्या वकिलाने सलग सांगूच दिलं नाही.

"घटनेच्या वेळी खासगी बोलणं चालू होतं का?"

"हो, पण तो पट्टा—"

"हो की नाही?"

"हो."

"तो पट्टा आज दाखवू शकता?"

"तो भंगारात टाकला."

"म्हणजे नाही."

ज्याच्याकडे दोघांनी पट्टा मागितला होता, त्या स्टोअरच्या कारकुनालाही बोलावलं होतं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, मला असं काही आठवत नाही. वरच्याने त्याच्याकडे पाहिलं. त्या माणसाला नुकतंच दुसरं मूल झालं होतं, हे त्याला माहीत होतं. त्याला रागही धड येईना.

अर्ज फेटाळला गेला. बाहेरच्या व्हरांड्यात मुलगी वकिलाशी बोलत राहिली. खालच्याची बायको एकटीच भिंतीला टेकून उभी होती. वरचा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आता निदान ती शिव्या देईल, असं त्याला वाटलं.

"तुम्ही खोटं बोलला नव्हतात, ते कळलं मला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "दोन्ही वेळा खरं बोललात, आणि दोन्ही वेळा ठपका त्यांच्यावरच आला." मग तिने पर्स खांद्याला अडकवली आणि ती जिना उतरून गेली.

मुलीने खेळ सोडला. फोनवर म्हणाली, "काका, माझ्याच्याने नाही होत आता. दिशा सांगायला तोंड उघडलं की मला त्यांचाच आवाज ऐकू येतो. तुम्हीपण सोडून द्या."

"बघतो," तो म्हणाला. पण सोडलं नाही. दुसरं काम मिळत नव्हतं. दिवस लांबच लांब होते. आणि ती जॉयस्टिक हातात असतानाच तेवढे हात थरथरत नसत.

पुढच्या रविवारी मामींनी विचारलं, पोरगी कुठे आहे. वरच्याने एक क्षण विचार केला आणि मग सगळं सांगितलं. तो कोण, खालचा कसा गेला, तेव्हा बोलणं काय चाललं होतं, चौकशीत काय झालं, कोर्टात काय झालं. कुणी मध्ये हो की नाही विचारलं नाही, म्हणून पहिल्यांदाच ते सलग सांगून झालं.

मग एक तरुण आवाज म्हणाला, "आणि तुम्ही त्याच्याच ताफ्यात येऊन बसलात? तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं," वरचा म्हणाला.

तो आवाज निघून गेला. त्याच्यापाठोपाठ आणखी दोघं. पडद्याच्या कडेला नावं एकेक करून विझत गेली. मामी राहिल्या, आणि आणखी चौघं-पाच जण. मामींनी खाकरून घसा साफ केला. "खालचा माझ्याशीही जहाज लावता लावता बोलायचा," त्या म्हणाल्या. "मी कितीदा ओरडले असेन त्याला. माल भरून पडलाय. लावणार आहात का?"

"दिशा कोण सांगणार?"

"एक नवा आहे. कच्चा आहे अजून."

नव्या माणसाचा आवाज घाबराघुबरा होता. "या पुढे," तो म्हणाला. "डावीकडे... नाही, उजवीकडे. उजवीकडेच. मला वाटतं."

बायकोने येऊन टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि दार ओढून घेतलं. वरच्याने जहाज थांबवलं. पुढे सगळं काळं होतं, दाराचा पत्ता नव्हता.

"घाई नाही," तो म्हणाला. "नीट बघ, आणि परत सांग."